घरचे दोन सोबती

माणसाने आजवर अनेक प्राणी पाळले; परंतु घराचा उंबरठा ओलांडून आत मोकळेपणाने वावरण्याचा मान त्यांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला आला. गाई-बैलांची जागा गोठ्यात, कोंबड्यांची खुराड्यात, पोपटाची पिंजऱ्यात. ओसरीवर अंग टाकून पडणारा कुत्रा आणि चुलीच्या उबेला बसणारे मांजर हे दोघे मात्र घरचेच होऊन गेले आहेत. पुष्कळ घरांत कुटुंबातील माणसे मोजताना मुले या दोघांनाही त्यांत धरतात.

एका छपराखाली राहत असले, तरी या दोन सोबत्यांना मिळणारी वागणूक एकसारखी नसते. कुत्रा घरात आला, की त्याला नाव ठेवले जाते, त्याच्या गळ्यात पट्टा येतो, त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवून आणण्याची पाळी कोणाची हे ठरते आणि वेळ झाली म्हणजे लस टोचण्यासाठी त्याला पशुवैद्याकडेही नेले जाते. मांजराच्या बाबतीत इतका विचार क्वचितच होतो. कोपऱ्यात बशीभर दूध ठेवले, की आपले कर्तव्य पार पडले, असे पुष्कळांना वाटते. 'मांजराला काय लागते? ते आपले आपण पाहून घेते,' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. हा भेद योग्य आहे काय? तो कोठपर्यंत योग्य आहे आणि कोठे अन्याय ठरतो, हे प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

या दोन प्राण्यांत भेद करण्याची रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेलेला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने मिसर देशातील लोकांविषयी एक गमतीची नोंद करून ठेवली आहे. घरातील मांजर मेले, तर तेथील माणसे शोक म्हणून केवळ आपल्या भुवया काढून टाकीत. कुत्रा मेला, तर मात्र डोक्यावरचे आणि सर्वांगावरचे केस उतरवीत. मांजराला देवतेचा मान देणाऱ्या त्या देशातही दोघांसाठी शोक करण्याच्या तऱ्हा अशा निरनिराळ्या होत्या.

कुत्रा आणि मांजर यांच्या स्वभावांतील अंतर समजण्यासाठी त्यांच्या पूर्वजांकडे पाहावे लागते. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. लांडगा कळपात राहतो, कळपाने शिकार करतो आणि कळपाच्या शिस्तीने वागतो. माणसाजवळ आल्यावर कुत्र्याने माणसाच्या कुटुंबालाच आपला कळप मानले. घरातल्यांच्या पाठोपाठ जाणे, त्यांच्या तोंडाकडे पाहून त्यांची मर्जी ओळखणे, परका दिसताच भुंकून सर्वांना सावध करणे, हे सारे त्या कळपधर्मातून आले. मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील रानमांजर होय. ते एकटे राहते आणि एकटेच शिकार करते. त्याला कोणाचा हुकूम पाळावा लागत नाही, तसेच संकटात कोणी धावून येईल अशी आशाही त्याला धरता येत नाही.

दोघांच्या आगमनाच्या कथाही भिन्न आहेत. कुत्रा माणसाजवळ आला, तेव्हा माणूस शेती करीत नव्हता. तो शिकारीवर जगत होता. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करताना मजुरांना एक पुरातन दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासह पुरलेला एक कुत्रा यांचे सांगाडे होते. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. पुढे २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या कुत्र्याच्या दातांची बारकाईने तपासणी केली. मरतेसमयी तो अवघा सात महिन्यांचा होता आणि त्यापूर्वी डिस्टेंपर नावाच्या कठीण रोगाने अनेक आठवडे आजारी होता, असे दातांवरील खुणांवरून त्यांच्या ध्यानात आले. एवढ्या आजारात ते पिल्लू कोणाच्या तरी शुश्रूषेवाचून इतके दिवस जगले नसते. आजारी पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नसतो. तरीही त्या दूरच्या काळातील माणसांनी त्याला ऊब दिली असेल, पाणी पाजले असेल, त्याचे अंग पुसले असेल. प्राण्याची निगा राखण्याचा एवढा जुना पुरावा क्वचितच आढळतो.

मांजर मात्र शेतीच्या मागोमाग आले. पश्चिम आशियात लोक धान्य पिकवून साठवू लागले, धान्याच्या मागे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे रानमांजरे आली. त्यांना कोणी पकडून आणले नाही. आपला लाभ पाहून ती आपण होऊनच जवळ आली आणि माणसाचाही त्यात लाभ होता, म्हणून त्याने त्यांना हाकलले नाही. तरी हा संबंध केवळ लाभापुरताच राहिला, असेही नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजराचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ती होडीतून बरोबर नेली असली पाहिजेत. पुढे आजतागायत मांजराचे मुख्य काम उंदीर मारणे हेच राहिले. त्यामुळे 'मांजर आपले पोट आपण भरते' ही समजूत माणसाच्या मनात खोल रुजली.

या मूळ स्वभावभेदामुळे दोघांच्या संगोपनातही काही भेद करावाच लागतो. पहिला भेद आहाराचा. कुत्रा मांस खातो. पण हजारो वर्षे माणसाच्या ताटातले उरलेसुरले खाऊन त्याच्या शरीराला धान्य पचविण्याची सवय जडली आहे. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्टमय पदार्थ अधिक चांगले पचतात, हे २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखविले. म्हणून खेड्यातला कुत्रा भाकरीवरही बराच काळ निभावून नेऊ शकतो. अर्थात त्यालाही मांस, अंडी यांसारखा पौष्टिक आहार हवाच.

मांजराची गोष्ट निराळी आहे. ते सर्वस्वी मांसाहारी आहे. त्याला गोड चवसुद्धा कळत नाही. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते त्याला मांस व मासे यांतूनच मिळवावे लागते. हे द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टी अधू होते, हे अमेरिकेतील संशोधकांना १९७५ साली समजले आणि त्याच उणिवेमुळे त्याचे हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली उघड झाले. यावरून दूधभातावर ठेवलेल्या मांजराची स्थिती ध्यानात येईल. त्याचे पोट भरलेले दिसते. पण शरीर आतून उपाशी राहते. जे मांजर बाहेर जाऊन उंदीर मारते, ते आपली ही उणीव कशीबशी भरून काढते. परंतु शहरातील इमारतीत चौथ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराने उंदीर आणावा तरी कोठून? कोकणातील कोळीवाड्यांत मासळीच्या टाकाऊ भागांवर मांजरे पोसली जातात. तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शाकाहारी घरात मात्र मांजर आणण्यापूर्वीच त्याच्या आहाराचा विचार केला पाहिजे. मांजरांसाठी बनविलेल्या तयार खाद्यात टॉरीन घातलेले असते. कुत्र्याचे खाद्य मांजराला कायमचे देणे बरोबर नाही. कारण ते कुत्र्याची गरज पाहून केलेले असते.

ज्या दुधावर मांजराचा एवढा जीव आहे असे मानले जाते, ते दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना नीट पचत नाही आणि त्यांचे पोट बिघडते. मांजराला खरी निकड असते ती पाण्याची. कोरड्या प्रदेशातील पूर्वजांकडून त्याला कमी पाणी पिण्याची खोड मिळाली आहे आणि त्यामुळे त्याला मूत्राचे विकार सहज जडतात. यास्तव स्वच्छ पाण्याचे भांडे खाद्यापासून थोडे दूर, नेहमी भरलेले असावे. कुत्र्याच्या बाबतीत अडचण उलट असते. तो पुढ्यात येईल ते खाऊन मोकळा होतो. म्हणून त्याला किती द्यावे आणि काय देऊ नये, हे धन्यानेच ठरविले पाहिजे. चॉकलेट, कांदा, द्राक्षे व बेदाणे हे पदार्थ माणसाला रुचकर. पण कुत्र्याला ते विषासमान आहेत. कांदा मांजरालाही तितकाच अपायकारक आहे.

दुसरा भेद व्यायामाचा आणि सोबतीचा. कुत्र्याला रोज बाहेर नेलेच पाहिजे. बाहेरचे वास घेणे, धावणे, इतर कुत्रे व माणसे पाहणे यांवाचून त्याचे मन कोंदटून जाते. मग तो चपला फाडतो, रात्रभर भुंकतो किंवा विनाकारण चावरा होतो. दोष कुत्र्याला दिला जातो. वास्तविक तो त्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवणाऱ्याचा असतो. फिरावयास नेतानाही वेळ पाहावी लागते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातील उष्णता घालवितो. वैशाखातील भर दुपारी डांबरी रस्त्यावर त्याचे पंजे भाजतात आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर त्याचा प्राणही जाऊ शकतो.

मांजराला गळ्यात दोरी घालून फिरविण्याची सहसा जरूर नसते. पण त्यालाही खेळ लागतो. त्याचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम होय. सुताच्या टोकाला बांधलेला कागदाचा बोळा कोणी जमिनीवरून सरपटत नेला, की ते दबा धरते, अंग चोरते आणि झेप घेते. खेळ संपल्यावर ते सूत मात्र आठवणीने उचलून ठेवावे. मांजराने ते गिळले, तर त्याच्या आतड्याला इजा होते. दिवसातून दोन-तीन वेळा असा थोडा वेळ खेळ झाला, तर घरातल्या मांजराचे शरीर आणि मन दोन्ही ताजी राहतात. त्याला बसावयास उंच जागा, लपावयास आडोसा आणि नखे घासावयास खडबडीत लाकूड किंवा तरटाचा तुकडा हवा. हे मिळाले नाही, की ते खुर्च्यांची कापडे ओरबाडते. 'मांजर सात घरी पिल्ले फिरवते' असे लोक म्हणतात आणि त्यातून त्याचा अस्थिर स्वभाव दाखवू पाहतात. वस्तुतः एकट्या राहणाऱ्या मातेला आपल्या आंधळ्या पिल्लांसाठी निर्धोक जागा शोधण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. जिला घरातच शांत, अंधारा कोपरा मिळतो, तिला सात घरे हिंडावी लागत नाहीत.

तिसरा भेद स्वच्छतेचा. कुत्र्याला अधूनमधून स्नान घालावे लागते, त्याचे केस विंचरावे लागतात, अंगावरील गोचिड्या काढाव्या लागतात. मांजर आपल्या काटेरी जिभेने स्वतःचे अंग स्वच्छ ठेवते. त्याला न्हाऊ घालण्याची गरज क्वचितच पडते. परंतु लांब केसांच्या मांजराचे केस विंचरण्यास माणसाची मदत लागतेच. मलमूत्रविसर्जनासाठी कुत्र्याला बाहेर नेण्याचा प्रघात आहे, तर मांजर माती उकरून घाण झाकते. थंड देशांत पूर्वी घरातील मांजरासाठी वाळू किंवा राख ठेवीत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४७ साली एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने त्याऐवजी मुलतानी मातीच्या जातीची, पाणी शोषून घेणारी माती वापरून पाहिली आणि ती सर्वत्र पसरली. या साध्या मातीने मोठा बदल घडविला: अंगणात राहणारे मांजर पुरतेच घरात राहू लागले. मात्र त्याबरोबर धन्याचे कामही वाढले. कारण डबा रोज स्वच्छ केला नाही, तर मांजर त्यात जात नाही.

येथवरचे भेद रास्त आहेत. ज्याची जशी प्रकृती, तशी त्याची निगा, हा न्याय त्यांत आहे. परंतु यापुढचा एक भेद असा आहे, की तो प्राण्यांच्या प्रकृतीतून आलेला नसून माणसाच्या दुर्लक्षातून आलेला आहे. तो भेद आजारपणातला.

कुत्र्याचे दुःख लपून राहत नाही. पाय दुखला, तर तो लंगडत धन्याजवळ येतो, कण्हतो, पंजा पुढे करतो. कळपात वाढलेल्या प्राण्याला आपल्या दुःखाची वार्ता दुसऱ्याला द्यावीशी वाटते. मांजर याच्या अगदी उलट वागते. रानात एकटा राहणारा लहान प्राणी दुबळा दिसला, की मोठे प्राणी त्याच्यावर टपतात. म्हणून मांजराला दुःख झाले, की ते पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन निमूटपणे बसते. घरातली माणसे म्हणतात, 'झोपले असेल.' दुसऱ्या दिवशी म्हणतात, 'बाहेर कोठे खाऊन आले असेल.' ते आजारी आहे हे कळेपर्यंत रोग पुष्कळदा हाताबाहेर गेलेला असतो. मांजराची ही मुकी भाषा वाचता यावी, म्हणून कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली एक पद्धत तयार केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, तोंडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोके धरण्याची रीत या पाच खुणांवरून मांजराच्या वेदनेचा अंदाज येतो. म्हणजे मांजर काहीच सांगत नाही असे नाही. पाहणारा डोळा हवा.

काही लक्षणे तर प्रत्येक धन्याने ध्यानात ठेवावीत. नेहमी स्वच्छ असणाऱ्या मांजराचे केस विस्कटलेले दिसले, ते उंच जागी चढेनासे झाले, किंवा एक दिवसाहून अधिक काळ त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे. मांजराने काही दिवस अन्न सोडले, तर त्याचे यकृत बिघडू शकते. बोका वरचेवर मातीच्या डब्यात बसून कुंथत असेल आणि मूत्र होत नसेल, तर तासाचाही विलंब लावू नये. त्यात त्याच्या जिवाला धोका असतो.

औषधांच्या बाबतीत धन्याचे अज्ञान आणखी घातक ठरते. 'कुत्र्याला चालते, ते मांजराला चालेल' असे समजून कुत्र्याच्या गोचिड्यांचे औषध मांजराच्या अंगाला लावण्याची चूक होते. अशा काही औषधांत पर्मेथ्रीन नावाचे द्रव्य असते. कुत्रा ते सहन करतो. मांजराला मात्र त्याने झटके येतात आणि ते दगावू शकते. माणसाला ताप आला असता दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. म्हणून पशुवैद्याला विचारल्यावाचून कोणतेही औषध देऊ नये.

रेबीज या भयंकर रोगाच्या बाबतीत तर दोघांत काहीच भेद नाही. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगावरील लस प्रथम माणसाला टोचली. आपल्या देशात हा रोग मुख्यतः कुत्र्याच्या चाव्याने पसरतो. त्यामुळे कुत्र्याला लस दिली, की काळजी मिटली असे लोक समजतात. परंतु मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्याने अथवा ओरखड्याने तो माणसाला होऊ शकतो. म्हणून पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाले, की पशुवैद्याच्या सल्ल्याने दोघांनाही लस द्यावी व पुढे ठरल्या वेळी पुन्हा द्यावी. कोणत्याही कुत्र्याने वा मांजराने चावा घेतला, तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घरातील मोठ्या माणसांना ताबडतोब सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. भीतीने ही गोष्ट लपवून ठेवणे फार धोक्याचे आहे.

मांजराकडे दुर्लक्ष होण्याची कारणे शोधू गेल्यास काही इतिहासात सापडतात. जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय १७६१ साली फ्रान्समधील लियाँ येथे निघाले, ते घोडे आणि गुरे यांच्यासाठी. आपल्याकडे मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. ज्या प्राण्यावर शेती, गाडी किंवा घोडदळ अवलंबून, त्याच्या आजाराची चिंता प्रथम झाली, हे स्वाभाविक होते. मांजराच्या जिवाला बाजारात मोल नव्हते. त्याच्या रोगांचा स्वतंत्र अभ्यास त्यामुळे पुष्कळ उशिरा सुरू झाला.

दुसरे कारण माणसाच्या मनात आहे. 'कुत्रा माणसाला जीव लावतो, मांजर घराला,' असे एक मत रूढ आहे. कुत्रा शेपूट हालवून आपले प्रेम दाखवितो आणि त्याचे फळ त्याला ताबडतोब मिळते. मांजर तसे दाखवीत नाही, म्हणून ते कृतघ्न ठरते. हे मत कितपत खरे आहे, हे जपानमधील संशोधकांनी पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात वीस मांजरांना त्यांच्या स्वतःच्या घरी, धनी दृष्टीआड असताना, अनोळखी माणसांचे आणि धन्याचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकविण्यात आले. धन्याची हाक येताच पुष्कळ मांजरांनी कान टवकारले किंवा मान वळविली; मात्र हाकेसरशी उठून ती धावत गेली नाहीत. त्यांना आवाज ओळखू आला होता. पण ओळख दाखविण्याची त्यांची रीत वेगळी होती. पुढे २०१९ साली मांजरांना आपले नाव तशाच उच्चाराच्या इतर शब्दांपासून वेगळे ओळखता येते, हेही दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात मांजरांच्या पिल्लांवर प्रयोग झाले. अपरिचित खोलीत एकटी राहिल्यावर परत आलेल्या आपल्या माणसाला पाहून सुमारे ६४ टक्के पिल्ले निर्धास्त होऊन पुन्हा खेळू लागली. मांजर माणसाला जीव लावत नाही, हा आरोप यानंतर टिकत नाही.

देशाच्या कायद्यानेही या मुक्या जिवांची बाजू घेतली आहे. भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा त्यात अपराध मानलेला आहे. व्यायामाचे हे कलम कुत्र्याचे नाव घेऊन लिहिले आहे. परंतु पाळलेल्या कोणत्याही प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही त्याच कायद्याने अपराध आहे आणि त्यात मांजरही येते. १९७६ साली भारताच्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य सांगितले आहे.

तात्पर्य, कुत्रा आणि मांजर यांना एकाच मापाने मोजणे जितके चुकीचे, तितकेच एकाला जवळ घेऊन दुसऱ्याला विसरणेही चुकीचे. कुत्र्याला सहवास, शिस्त आणि मोकळे मैदान हवे. मांजराला मांसाहार, शांत जागा आणि बारीक नजर हवी. कुत्रा आपली गरज धन्याच्या पायाशी येऊन सांगतो. मांजराची गरज धन्याने जाऊन शोधावी लागते. जो मागतो त्याला देणे सोपे असते. जो मागत नाही त्याला काय हवे, हे ओळखून देणारा धनीच खरा दयाळू म्हणावा. ही दृष्टी ज्याला प्राण्यांच्या संगतीत लाभली, त्याला माणसांत वावरतानाही ती उपयोगी पडते. कारण वर्गात, घरात आणि शेजारीही आपले दुःख बोलून न दाखविणारी माणसे असतातच.

शब्दार्थ

संगोपन – काळजीपूर्वक केलेले पालन. शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा. प्रघात – रूढ पद्धत. निर्धोक – धोका नसलेली. आकुंचन – आखडणे, लहान होणे. निमूटपणे – काही न बोलता. कृतघ्न – केलेले उपकार विसरणारा. तात्पर्य – सार. यास्तव – म्हणून. रास्त – योग्य.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिसर देशातील लोक घरातील कुत्रा मेल्यावर शोक कसा व्यक्त करीत?
(आ) मांजराला टॉरीन कोणत्या अन्नातून मिळते?
(इ) कुत्रा अंगातील उष्णता कशी घालवितो?
(ई) प्राण्याने चावा घेतल्यास प्रथम काय करावे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओबरकासेल येथील दफनावरून त्या काळच्या माणसांच्या स्वभावाविषयी काय कळते?
(आ) मांजर आपले आजारपण का लपविते?
(इ) 'मांजर माणसाला जीव लावत नाही' हे मत कोणत्या प्रयोगांमुळे टिकत नाही?

३. सविस्तर उत्तर लिहा.
कुत्रा व मांजर यांच्या संगोपनातील कोणते भेद रास्त आहेत आणि कोणता भेद अन्यायाचा आहे, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. कारणे द्या.
(अ) मांजराला केवळ दूधभातावर ठेवू नये.
(आ) कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये.
(इ) मांजराच्या रोगांचा अभ्यास उशिरा सुरू झाला.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
वाट्याला येणे, दबा धरणे, कान टवकारणे, हाताबाहेर जाणे, जीव लावणे.

६. भाषाभ्यास.
(अ) 'घरोघरी' या सामासिक शब्दाचा विग्रह करा व असे आणखी दोन शब्द सांगा.
(आ) विरुद्धार्थी शब्द लिहा : कृतघ्न, रास्त, स्थिर, परका.
(इ) 'कुत्रा आपली गरज धन्याच्या पायाशी येऊन सांगतो. मांजराची गरज धन्याने जाऊन शोधावी लागते.' या वाक्यांत पूर्णविरामाचा उपयोग कशासाठी केला आहे, ते सांगा.

७. उपक्रम.
तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या पाळीव प्राण्याचे आठ दिवस निरीक्षण करा. त्याचे खाणे, झोप, खेळ आणि हालचाली यांची रोज नोंद ठेवा आणि त्याने न मागितलेली एक तरी गरज तुमच्या ध्यानात आली काय, ते वर्गात सांगा.